ठोंबरे मुकादमाचा दसरा

काही माणसांना राग येतो आणि जातो. माझं तसं नाही. लहानपणी शेजारच्या पोराने माझी गोफण मोडली होती. दोन वर्षांनी त्याची नवी वहाण विहिरीत टाकली तेव्हा कुठे मला गाढ झोप लागली. आमची आई म्हणायची, "नाऱ्या डूख धरतो." ती हे कौतुकाने म्हणायची की काळजीने, ते मला तेव्हा कळायचं नाही. आता या वयात नातवंडं म्हणतात, आजोबा, सोडून द्या हो. सोडून देणं हे ज्यांना जमतं त्यांनी खुशाल सोडावं. मी जे सांगणार आहे ते सोडून न दिल्याचंच आहे, आणि त्यात मी स्वतःला चांगला म्हणवून घेणार नाही.

लढाईच्या दिवसांत खालापूरकडच्या माळावर विमानं उतरवायला एक पट्टी केली होती. पट्टी म्हणजे काय, तर मुरूम टाकून रूळ फिरवलेली लांबलचक जमीन, कडेला चुना मारलेले दगड, एका काठीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि आंब्याच्या झाडांखाली तंबू. दोन-तीन जुनाट विमानं असायची, एकावर एक असे पंख असलेली. ती समुद्रावर फेऱ्या मारून शत्रूच्या पाणबुड्या शोधत. बॉम्ब ठेवायची जागा लांब टेकडीच्या पोटात होती. गोरे साहेब मोजकेच. बाकी सगळं काम आमच्या भागातली माणसं करायची. पोशीर, दहिवली, कशेळे, सगळीकडची माणसं तिथे होती. भातशेतीत चार महिने मरमर करणाऱ्या गड्याला बारमाही काम मिळालं म्हणून लोक खूश होते. माझा थोरला भाऊ दत्तू, आमचा दादा, पहिल्याच टोळीत लागला. बॉम्ब उचलणं, ट्रॉलीवर चढवणं, विमानापर्यंत ढकलत नेणं हे त्याचं काम. अशा वजन उचलणाऱ्या माणसांना तिथे खलाशी म्हणत. घरी येऊन तो सांगायचा, "बॉम्ब म्हंजे काय रं, आपल्या भाताच्या कणग्यापरीस जड, पन बाळंतिनीसारका जपावा लागतो."

आमचं घर पोशीरला. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. सकाळी वहिनीचं मुसळ वाजायला लागलं की मला जाग यायची. कांडलेल्या तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नाहीतर सुकटीची चटणी आणि पेज; याच्यापलीकडे आमच्याकडे फारसं काही शिजत नसे आणि मला आजही याच्यापलीकडे काही लागत नाही. गहू मात्र थोडासा कायम घरात असायचा, लढाईच्या टंचाईतसुद्धा. तो खायला नव्हे. दादा मृदंग वाजवायचा आणि मृदंगाच्या डाव्या तोंडाला ताजी कणीक लावावी लागते. एकादशीला संध्याकाळ झाली की वहिनी लिंबाएवढी कणीक मळून केळीच्या पानावर ठेवायची, आणि दादा ती थापत थापत, एकेक थाप मारून कान लावून बघायचा. तो धुं असा आवाज घुमला की आई चुलीपुढून म्हणायची, "लागला." पंचक्रोशीत दादासारखा हात कुणाचा नव्हता. भजनी मंडळाचे हरीबुवा त्याला आपल्या उजवीकडे बसवून घ्यायचे, हा आमच्या घराचा सगळ्यात मोठा मान होता. आणि त्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. वडिलांनी माळ घातली होती, ती दादाने पुढे चालवली.

आता ठोंबरे. साबाजी ठोंबरे, राहणार कशेळे. दारूगोळ्याच्या कारखान्यात बारा वर्षं काढून आलेला, म्हणून साहेबाने त्याला मुकादम केलं. उंच, हडकुळा, मिशा कातरलेल्या, बोलणं तुटक. एका सकाळी टेकडीच्या उतारावर भरलेली ट्रॉली उभी होती. चाकांखाली लाकडी गुटके लावलेले असतात. वरच्या अंगाला चार माणसं दोर धरून उभी राहिल्याशिवाय गुटके काढायचे नाहीत, असा नियम. त्या दिवशी दादा धरून दोनच माणसं होती. साहेब खाली घड्याळ बघत होता. ठोंबऱ्याने ओरडून सांगितलं, "काढा गुटकं, दोघं पुरं हायत." दादाने गुटके काढले. दुसऱ्याच्या हातातून दोर सुटला, ट्रॉली घसरली आणि दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली ट्रॉली आणि झाडाच्या मधे चिणला. बॉम्ब फुटला नाही, कारण तो बंद ठेवणाऱ्या पिना जागेवर होत्या. पाय मात्र कापावा लागला.

दादा दवाखान्यात बेशुद्ध असताना चौकशी झाली. नियम मोडून गुटके कुणी काढायला सांगितले, असं साहेबाने विचारलं. ठोंबऱ्याने सांगितलं, मी सांगितलं नाही. दत्तू दारू पिऊन आला होता, त्याने मनाने काढले. दुसरा खलाशी ठोंबऱ्याच्याच शब्दावर नोकरीला लागलेला. पुढे तो काम सोडून घाटावर निघून गेला, पण त्या दिवशी त्याने मान डोलावली. झालं. कागदावर लिहिलं गेलं. दादा शुद्धीवर आला तेव्हा तो लंगडा झाला होता आणि दारुडाही झाला होता.

लंगडेपण माणूस सोसतो. गावाने त्याला नावं ठेवली नसती. उलट हरीबुवा म्हणाले असते, मृदंग काय पायाने वाजवायचा आहे. पण दारूची गोष्ट पोशीरला पोचली तेव्हा हरीबुवा स्वतः घरी आले. ओसरीवर बसले, वहिनीने दिलेलं पाणी प्यायले, आणि म्हणाले, "दत्तू, माळ घालून पिनारा मानूस मी देवापुढं बसवनार कसा? तूच सांग." दादा म्हणाला, "मी पिलो नवतो, बुवा." बुवा म्हणाले, "साहेबाच्या कागदावर हाय." आणि मृदंग घेऊन गेले. तो मंडळाचा होता, आमचा नव्हता, त्यामुळे नेऊ नका असंही म्हणता येईना. त्यानंतर एकादशीला देवळातून भजन ऐकू यायचं तेव्हा दादा ओसरीवर बसून कापलेल्या पायाच्या मांडीवर बोटांनी ताल धरायचा. मला ते बघवायचं नाही. मी परड्यात जाऊन लाकडं फोडायचो, गरज नसताना.

मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेला होतो, इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. मी सरळ खालापूरला गेलो आणि त्याच पट्टीवर काम मागितलं. आईने विचारलं, "थितंच का जातूस?" मी म्हटलं, पगार बरा आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिने मला जन्म दिला होता, तिला काय सांगायचं.

मला विमानांच्या लाईनीवर घेतलं. विमानं जिथे ओळीने उभी करतात तिला लाईन म्हणतात. तिथलं काम मला आवडलं, हे कबूल करायला हवं. सकाळी दहिवरलेली ताडपत्री काढायची, ती पाण्याने जड झालेली असायची. मग दोघांनी मिळून पंखा हाताने फिरवायचा, म्हणजे रात्रभर खाली बसलेलं तेल इंजिनात फिरतं. टायर दाबून बघायचे, तारा हाताने ओढून बघायच्या, पेट्रोल सांबराच्या कातड्यातून गाळून घालायचं म्हणजे पाणी मागे राहतं. मशिनगनच्या काडतुसांचा पट्टा मांडीवर घेऊन एकेक काडतूस पुसायचं. एक जरी वाकडं बसलं तर वर आकाशात बंदूक अडते आणि तिथे दुरुस्तीला कुणी नसतं. इंजिन सुरू झालं की अंगावरची बंडी फडफडायची आणि छातीत घुमायचं. मला दर वेळी मृदंगाची आठवण व्हायची आणि दर वेळी मी ठोंबऱ्याकडे बघायचो.

ठोंबरे मला ओळखत होता. पहिल्या दिवशी नाव ऐकून म्हणाला, "पोशीरचा? दत्तूचा भाव का?" मी म्हटलं, हो. तो वळून विमानाकडे चालायला लागला. पण पुढे त्याने मला जितकं शिकवलं तितकं कुणाला शिकवलं नाही. बॉम्ब पंखाखाली अडकवताना हात कुठे ठेवायचा, आकडा बसल्याचा आवाज कसा ओळखायचा, हे त्याने माझा हात धरून शिकवलं. मला वाटायचं, चोराच्या मनात चांदणं; घाबरलाय म्हणून गोड वागतोय. मी मान खाली घालून शिकत राहिलो. त्याचं सगळं शिकून घ्यायचं, त्याच्याइतकं समजायला लागायचं, आणि मग त्याची एक चूक पकडायची, एवढाच माझा बेत होता. वर्ष गेलं. बेटा चूक करत नव्हता. मी दात खात वाट बघत होतो.

बॉम्बच्या पिनांबद्दल थोडं सांगायला हवं. प्रत्येक बॉम्बला एक लोखंडी पिन असते आणि तिला तांबडी फीत. पिन आत असेल तोवर बॉम्ब म्हणजे नुसता दगड; टाकला तरी फुटणार नाही. विमान उडायच्या अगदी आधी मुकादमाने, फक्त मुकादमानेच, पिना काढायच्या आणि विमानाच्या पुढे उभं राहून हात वर करून त्या चालवणाऱ्या साहेबाला दाखवायच्या. चार बॉम्ब असले तर चार तांबड्या फिती वाऱ्यावर फडफडल्या पाहिजेत. साहेब बोटाने मोजतो, अंगठा वर करतो, आणि निघतो. विमान परत आलं आणि बॉम्ब तसेच असले, तर पहिलं काम पिना पुन्हा घालण्याचं.

त्या वर्षी नवरात्रात ठोंबऱ्याने नऊ दिवसांचा कडक उपास धरला. दिवसातून एकदा वाटीभर दूध आणि एखादं केळं. आधी कधी त्याने असं केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पाचव्या दिवसापासून त्याचे गाल आत गेले, शिडीवर चढताना तो मधेच थांबायचा. मी मुद्दाम त्याच्यासमोर भाकरीचं फडकं सोडून बसायचो. तो म्हणायचा, "खा रं पोटभर."

खंडेनवमीला साहेबाने आम्हाला हत्यारं पुजायची परवानगी दिली. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, कोयता, कुऱ्हाड पुजतात. तिथे आम्ही पाने, हातोडे, मशिनगन आणि विमान पुजलं. पाने चिंचेने घासून लख्ख केले. पंख्याला झेंडूची माळ घातली. एक विमान कायम बॉम्ब लावून तयार ठेवायचं असा हुकूम होता, तेव्हा त्याच्या चारही बॉम्बना ठोंबऱ्याने हळदकुंकू वाहिलं आणि घरून बायकोने दिलेल्या नव्या तांबड्या कापडाच्या पट्ट्या, एकेका बॉम्बला एकेक, बांधल्या. पिनांच्या फिती लोंबत होत्या त्या हळदीच्या दोऱ्याने वर गुंडाळून टाकल्या, म्हणजे पूजा नीटनेटकी दिसावी. धूप इतका घातला की त्याचे डोळे लालभडक झाले. लढाईचं हत्यार आणि घरचा कोयता यांत आम्हाला फरक वाटला नाही, ही चूक आमच्याशिवाय दुसऱ्या कुणी केली नसती.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळीच निरोप आला की समुद्रात काहीतरी दिसलंय, विमान ताबडतोब वर पाठवा. धावपळ उडाली. मी पंख्यावरची माळ ओरबाडून काढली आणि डाव्या पंखाजवळ बंदुकीचा पट्टा बसवायला गेलो. ठोंबरे पंखांखाली वाकून तांबडं काढत सुटला. इंजिन सुरू झालं. तो पुढे जाऊन उभा राहिला, हात वर केला. चार तांबड्या चिंध्या फडफडल्या. साहेबाने मोजल्या, अंगठा वर केला.

मी उभा होतो तिथून मला डाव्या पंखाखालचे दोन बॉम्ब हाताच्या अंतरावर दिसत होते. त्यांच्या पिना आतच होत्या, हळदीच्या दोऱ्यात गुंडाळलेल्या फितींसकट. ठोंबऱ्याच्या हातात दोन पिना होत्या आणि दोन बायकोच्या कापडाच्या पट्ट्या.

मला ओरडायला पुरेसा वेळ होता. हात हलवला असता तरी साहेब थांबला असता. मी बाजूला झालो आणि चाकांचे गुटके काढले. विमान गेलं. आत दोन माणसं होती, समुद्रात काय होतं देव जाणे, आणि त्यांच्या चार बॉम्बपैकी दोन नुसते दगड होते. त्या क्षणी मला त्या दोन माणसांची काळजी वाटली नाही. आज वाटते. तेव्हा मला एवढंच वाटलं की घोडामैदान जवळ आलं.

दहा-पंधरा मिनिटांनी ठोंबरे पिना पेटीत ठेवायला गेला आणि तिथेच खाली बसला. मी लांबून बघत होतो. मग तो उठला, स्पिरिटचा बोळा घेतला आणि खुळ्यासारखा पाने पुसत बसला. हातांचं कुंकू निघेना. तीन तास तो तसाच पुसत होता. शेवटी माझ्याजवळ आला.

"नाऱ्या, माज्या हातून चूक झाली. डाव्या अंगच्या पिना आतच ऱ्हायल्या."

मी म्हटलं, "काय सांगताय मुकादम!"

"इमान उतरलं की मी सोता साहेबाला सांगनार हाय. लपवनार नाय. आता खोटं बोलायचं नाय मला."

हा साहेब कडक, पण खरं बोलणाऱ्याला माफ करणारा. मी दोनदा पाहिलं होतं. विमान सुखरूप परत आलं, माणसाने स्वतःहून कबूल केलं, तर दोन शिव्या देऊन सोडून देईल. वर्षभर वाट बघून माझ्या पदरात दोन शिव्या पडणार! दादाचा पाय एका बाजूला आणि याला दोन शिव्या.

विमान उतरलं. समुद्रात काही सापडलं नव्हतं. चाकं थांबतात न थांबतात तोच मी धावत पुढे गेलो, ठोंबऱ्याच्या आधी. साहेब उतरत होता. मी डाव्या पंखाखालच्या पिनांकडे बोट दाखवलं. साहेबाचा चेहरा पांढऱ्याचा तांबडा झाला. "ये किसने किया?" तो ओरडला. मी खाली मान घालून, जणू सांगायला जड जातंय असं दाखवत म्हणालो, "साब, मुकादम आज पिया है. कल से पिया है. पूजा का दिन था, साब."

तोवर ठोंबरे पोचला होता. साहेबाने त्याच्याकडे बघितलं. नऊ दिवसांचा उपाशी माणूस. डोळे लाल, पाय लटपटणारे, कपड्यांना स्पिरिटचा वास. तो म्हणत होता, "साब, मेरा गलती, लेकिन..." पुढचा शब्द त्याला सापडेना. साहेबाने त्याला हाताने गप्प केलं. दुपारच्या आत ठोंबऱ्याला पट्टीवरून काढून टाकलं आणि कागदावर कारण लिहिलं. मी ते कारण वाचलं. तोच शब्द होता जो दादाच्या कागदावर होता. काट्याने काटा निघाला. ठोंबरे फाटकातून बाहेर पडताना त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली नाही. मला इतका आनंद पुन्हा आयुष्यात कधी झाला नाही, लग्नात नाही, मुलगा झाला तेव्हाही नाही.

सण म्हणून मला सुट्टी मिळाली. सायकल मारत कर्जतवरून पोशीरला आलो. वेशीजवळच्या पारावर माणसं बसली होती, हरीबुवाही होते. मी सायकलवरून उतरायच्या आत सांगायला लागलो. ठोंबरे मुकादम दारू पिऊन कामावर आला, साहेबाने हाकललं, कागदावर लिहिलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. हरीबुवा म्हणाले, "देवाच्या घरी न्याव हाय." मी छाती काढून घरी गेलो.

घरात काहीतरी वेगळं चाललं होतं. ओसरी सारवली होती, घोंगड्या अंथरल्या होत्या. वहिनीने गव्हाची खीर केली होती. दादा नवं धोतर नेसून बसला होता, दाढी केलेली. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो मला मिठी मारेल. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"पिला व्हता?" तो म्हणाला. "साबाजी?"

"हो."

"त्यो उपाशी हाय नव दिवस. माज्यासाठी." दादा भिंतीला टेकला. मग वहिनीच बोलली. महिन्यापूर्वी कशेळ्याच्या बाजारात ठोंबरे दादाला भेटला होता. त्याला झोप येत नव्हती. त्याने देवीला नवस केला होता की नऊ दिवस उपास करीन, आणि दसऱ्याला सोनं द्यायला दत्तूच्या दारात येऊन, गावाच्या म्होरं खरं काय ते सांगीन. "मनून तर बुवांना बोलवलंय," वहिनी म्हणाली. "तुमाला मुद्दाम सांगितलं नाय भावजी. तुमी डोस्क्यात राख घालून घेतली असती."

ऊन उतरलं. गावातले लोक आपट्याची पानं देत घरोघर फिरू लागले. हरीबुवा आणखी चार जणांना घेऊन आले, ओसरीवर बसले. मला वाटत होतं, आता ठोंबरे येणार नाही. आज जे झालं त्यानंतर कोण येईल?

तो आला. खालापूरपासून चालत. हातात आपट्याची पानं होती. अंगणात उभा राहिला, आत आला नाही. उपास सुटलेला दिसत नव्हता. म्हणाला, "बुवा, तुमी समदे हायत ते बरं झालं. दत्तू त्या दिसी पिला नवता. गुटकं मी काढायला लावलं. साहेबापुढं मी खोटं बोललो. त्याचा मृदंग त्याला द्या."

कुणीतरी हसलं. मग दुसरा. हरीबुवा हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. "साबाजी, आज तुलाच दारूपायी हाकललंय ना? तू आज दत्तूची ग्वाही देतूस? एक पिनारा दुसऱ्याला पिनारा नाय मनतो, याला काय अर्थ?"

"मी पिलो नाय, बुवा. मी नव दिवस..."

"उपासाला काय पीत व्हतास रं?" मागून एकजण म्हणाला, आणि सगळे मोठ्याने हसले.

हसणं थांबलं तेव्हा दादा बोलला. तो ओसरीच्या खांबाला धरून एका पायावर उभा राहिला होता. "बुवा, आमचा नाऱ्या तितं व्हता. त्याला इचारा. त्यो सांगंल." आणि माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "नाऱ्या, पिला व्हता का ह्यो? बग, नीट सांग."

दादाला सगळं कळलं होतं. तो माझा भाऊ होता. मी काय केलं असेल ते त्याला कळायला अर्धी घटकासुद्धा लागली नसणार. त्याने माझ्यापुढे दार उघडून धरलं होतं. मी एक शब्द बोललो असतो तर ठोंबऱ्याची नोकरी नाही, पण अब्रू परत आली असती, त्याचा शब्द खरा ठरला असता, आणि त्या शब्दाबरोबर दादाचा मृदंग घरी आला असता. लोक म्हणतील, तू घाबरलास, तुला गावापुढे खोटा ठरायचं नव्हतं. तेही होतं. पण खरं कारण ते नव्हतं. ठोंबरे अंगणात मान खाली घालून उभा होता, लोक त्याला हसत होते, आणि ते बघून माझं पोट अजून भरलं नव्हतं. त्याला सुटलेलं मला बघायचं नव्हतं. त्याच्याबरोबर दादा सुटत होता, तरीही नव्हतं बघायचं.

मी म्हणालो, "व्हय. पिला व्हता."

हरीबुवा उठले. बाकीचे उठले. ठोंबरे पुढे आला, आपट्याची पानं दादाच्या हातात दिली, आणि दादाने एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने त्याला आपली पानं दिली. ठोंबरे कशेळ्याच्या वाटेला लागला. पुन्हा मी त्याला कधी पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर दादा ओसरीवरच बसला होता. खिरीला कुणी हात लावला नाही. मग तो न रागावता म्हणाला, "नाऱ्या, मी पन पिलो व्हतो का रं त्या दिसी? ते पन तूच सांगून टाक."

मी उठून परड्यात लाकडं फोडायला गेलो. तो पुढे पुष्कळ वर्षं जगला, माझ्या मुलांना त्याने अंगाखांद्यावर खेळवलं, माझ्याशी तो कधी वाईट वागला नाही, आणि मी पुन्हा तो विषय काढला नाही. तो जाऊनही आता खूप काळ लोटला. मागच्या वर्षी मी पोशीरला गेलो होतो. पारावर एक म्हातारा बसला होता, त्याने मला ओळखलं. दादाचं नाव निघालं. तो हळहळला आणि म्हणाला, "दत्तू मानूस लाखातला, हात काय व्हता त्याचा! पन दारूनं वाटोळं केलं बगा." मी म्हणालो, हो ना.